न दाखवलेला शेरा आणि अडलेली वेतनवाढ : गोव्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सगळी नोकरी सरकारी खात्यांच्या आस्थापना शाखेत गेली. सेवापुस्तकं, ज्येष्ठता याद्या, गोपनीय अहवालांच्या फायली हेच रोजचं काम. निवृत्तीनंतरही पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे लोक फोन करतात, अहवालाच्या झेरॉक्स पाठवतात आणि पुन्हा पुन्हा तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एसीआर आणि एपीएआर एकच की वेगळं?

काम तेच, पद्धत बदलली. एसीआर म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. साहेब लिहायचे आणि फाईल कपाटात जायची. फक्त प्रतिकूल शेरा असला तर तेवढाच कळवायचे, कधी कधी तोही नाही. एपीएआर म्हणजे वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल. केंद्र सरकारच्या कार्मिक खात्याने १४ मे २००९ च्या आदेशाने २००८-०९ या वर्षापासून नाव बदललं आणि त्याबरोबर पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवणं बंधनकारक केलं. पूर्ण म्हणजे गुण, एकंदर श्रेणी आणि सचोटीबद्दलचा शेरा, सगळंच. आपल्याकडे अजूनही सगळे 'सीआर' म्हणतात. म्हणायला हरकत नाही, पण 'सी' म्हणजे गोपनीय म्हणून तो बघायचा नाही, हा समज मात्र सोडून द्या.

२. माझा शेरा वाईट नव्हताच, 'चांगला' होता. मग तो कळवला नाही म्हणून तक्रार कशी करू?

सगळ्यात जास्त नुकसान याच शेऱ्याने होतं. 'असमाधानकारक' लिहिलं तर माणूस खडबडून जागा होतो. 'चांगला' लिहिलं तर कोणालाच काही वाटत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. पण बढतीचा किंवा वेतनश्रेणीचा निकष 'अतिशय चांगला' असेल, तर तोच 'चांगला' तुम्हाला यादीतून काढून टाकतो.

सर्वोच्च न्यायालयासमोर देव दत्त यांचं प्रकरण असंच होतं. ते सीमा रस्ते संघटनेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी पाच वर्षांचे शेरे 'अतिशय चांगला' हवे होते. चार वर्षं तसे होते. १९९३-९४ या एका वर्षी 'चांगला' होता आणि तो त्यांना कधी कळवलाच नव्हता. सरकारचं म्हणणं असं, की 'चांगला' हा प्रतिकूल शेरा नाही, मग कळवायचा कशाला? १२ मे २००८ रोजी न्यायमूर्ती एच. के. सेमा आणि मार्कंडेय काटजू यांच्या पीठाने हे फेटाळलं. शेऱ्याला नाव काय दिलं याला महत्त्व नाही, त्याचा परिणाम काय होतो ते बघायचं, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणून प्रत्येक शेरा, अगदी 'उत्कृष्ट'सुद्धा, वाजवी मुदतीत कळवलाच पाहिजे.

पुढे २३ एप्रिल २०१३ रोजी सुखदेव सिंग प्रकरणात न्यायमूर्ती आर. एम. लोढा यांच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच पक्कं केलं आणि याच्या उलट जाणारे आधीचे निकाल बरोबर नसल्याचं सांगितलं. आता या मुद्द्यावर वाद उरलेला नाही.

३. आमच्या कार्यालयात सांगतात की हे केंद्राचे नियम आहेत, गोवा सरकारला लागू नाहीत. खरं का?

नाही. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित होतं. त्यामुळे आपली सेवानियमांची चौकट केंद्राचीच आहे आणि घटकराज्य झाल्यावरही ती बहुतांशी तशीच राहिली. केंद्राचं एखादं परिपत्रक गोव्याने कोणत्या तारखेला स्वीकारलं, यावर वाद घालता येतो. पण प्रश्न २ मधलं तत्त्व परिपत्रकातून आलेलं नाही, ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आलं आहे. संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे तो निकाल पर्वरीच्या सचिवालयालाही बांधतो आणि सांग्याच्या उपकार्यालयालाही. अर्ज लिहिताना निकालाचा आधार आधी द्या, परिपत्रक नंतर. तारखा, मुदती आणि नमुने मात्र आपल्या कार्मिक खात्याच्या चालू परिपत्रकावरून ताडून घ्या.

४. एमएसीपी म्हणजे बढतीच ना?

नाही. एमएसीपी म्हणजे सुधारित आश्वासित प्रगती योजना, ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर वेतन वर नेणारी. पद तेच, खुर्ची तीच, ज्येष्ठता तीच. फक्त वेतनाची पातळी एक पायरी वर जाते. बढतीला जागा रिकामी असावी लागते, एमएसीपीला लागत नाही. म्हणूनच ज्या संवर्गात वर जागाच नाहीत, तिथल्या माणसाचा सगळा भरवसा हिच्यावर असतो.

आधी १९९९ साली एसीपी, म्हणजे हिचीच जुनी आवृत्ती, आली, तिच्यात १२ आणि २४ वर्षांनी अशा दोन पायऱ्या होत्या. सहाव्या वेतन आयोगानंतर १ सप्टेंबर २००८ पासून केंद्रात एमएसीपी लागू झाली. तिच्यात १०, २० आणि ३० वर्षांनी तीन पायऱ्या आहेत. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही केंद्राच्या धर्तीवरच ती मिळते. मधे नियमित बढती मिळाली तर ती या तिनांत मोजली जाते. आणि बढती देऊ केली असताना नाकारली, तर पुढच्या एमएसीपीवरचा हक्क अडतो. घरापासून दूर बदली नको म्हणून बढती नाकारण्याआधी हे लक्षात घ्या.

५. माझ्या अहवालात गुण ५.९ आहेत. एवढ्यासाठी कोणी अडवेल का?

अडवतात. केंद्राच्या नमुन्यात १ ते १० गुण असतात : कामाच्या निष्पत्तीला ४० टक्के भार, वैयक्तिक गुणांना ३० आणि कार्यकौशल्याला ३०. सरासरी ८ ते १० म्हणजे 'उत्कृष्ट', ६ ते ८ च्या आत 'अतिशय चांगला', ४ ते ६ च्या आत 'चांगला'. म्हणजे ५.९ 'चांगला' आणि ६.० 'अतिशय चांगला'.

सुरुवातीला एमएसीपीसाठी ६६०० पर्यंतच्या ग्रेड पेला, म्हणजे सहाव्या वेतन आयोगातल्या पदाच्या दर्जाप्रमाणेच्या रकमेला, 'चांगला' पुरायचा. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने २५ जुलै २०१६ पासून सगळ्या पदांना 'अतिशय चांगला' हा निकष केला. साहेबाला पूर्वी 'चांगला' लिहायची सवय होती आणि त्याने कोणाचं बिघडत नव्हतं. निकष वर गेला, सवय तीच राहिली. किती तरी प्रामाणिक कारकून यात अडकलेले मी पाहिले आहेत. आपल्या पदाला आज कोणता निकष आहे तो खात्याच्या आदेशात स्वतः वाचा, टेबलावरच्या माणसाला तोंडी विचारून थांबू नका. आणि ५.९ आले तर त्या एका दशांशासाठी निवेदन द्या. कसं, ते प्रश्न १० मध्ये आहे.

६. एलडीसीला (कनिष्ठ कारकुनाला) पहिल्या एमएसीपीने मूळ वेतनात ८०० रुपये वाढतात. त्यासाठी एवढं भांडायचं?

हा प्रश्न अनेकांच्या घरून येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिशेब बरोबर आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात एलडीसी पातळी २ मध्ये असतो. तिथे मूळ वेतन २६,००० असेल, तर एक वेतनवाढ मिळून २६,८०० होतं आणि तोच आकडा पातळी ३ मध्ये असल्याने तिथेच बसतं. पण ८०० वर महागाई भत्ता चढतो, घरभाडे भत्ता चढतो. दरवर्षीची ३ टक्के वाढ या नव्या आकड्यावर मिळते. जुन्या पेन्शनमधल्या माणसाची पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के असते, म्हणजे फरक मरेपर्यंत आणि पुढे कुटुंबनिवृत्तिवेतनातही चालतो.

खरा घाव मात्र पुढेच आहे. एमएसीपीच्या नियमांत एक कलम आहे : कर्मचारी 'अपात्र' ठरल्यामुळे किंवा चौकशीमुळे पहिली पायरी लांबली, तर पुढच्या पायऱ्याही तितक्याच लांबतात. समजा, एक बाई २८ व्या वर्षी नोकरीला लागली. ६० व्या वर्षी निवृत्त होईल, म्हणजे सेवा ३२ वर्षं. तिची पहिली पायरी १० ऐवजी १३ व्या वर्षी मिळाली. मग दुसरी २३ व्या वर्षी, आणि तिसरी ३३ व्या. पण ३३ वं वर्ष तिच्या सेवेत नाहीच. पंचविशीतल्या कोणी साहेबाने घाईत खूण केलेला एक 'चांगला' तिची तिसरी पायरी कायमची काढून घेतो, आणि तो शेरा तिने पाहिलेलाही नसतो. यात मला अन्याय दिसतो आणि तो मी शांतपणे सांगू शकत नाही.

तीन वर्षं का लांबते? छाननी समिती सहसा मागच्या पाच वर्षांचे अहवाल बघते. ते एक वर्ष त्या पाचांतून बाहेर पडेपर्यंत दरवेळी समोर येत राहतं.

७. अहवाल कधीपर्यंत माझ्या हातात यायला हवा?

केंद्राच्या वेळापत्रकात ३१ मार्चपर्यंत कोरे नमुने वाटायचे, १५ एप्रिलपर्यंत तुम्ही स्वयंमूल्यांकन द्यायचं, ३० जूनपर्यंत रिपोर्टिंग ऑफिसरने, म्हणजे थेट वरच्या साहेबाने, लिहायचं आणि ३१ जुलैपर्यंत रिव्ह्यूइंग ऑफिसरने, म्हणजे त्याच्या वरच्याने. त्याच्याही वर अहवाल मान्य करणारा स्वीकृती अधिकारी नसेल तर १ सप्टेंबरला, असेल तर १५ सप्टेंबरला अहवाल तुम्हाला दाखवायचा. मिळाल्यापासून १५ दिवसांत निवेदन, आणि ३० नोव्हेंबरला सगळं पूर्ण.

या तारखा आपल्याकडे नेमक्या चतुर्थीच्या आसपास येतात. अहवाल टेबलावर येतो, माणूस सुट्टीवर गावी, परत आल्यावर आठवडाभराची साचलेली कामं, आणि १५ दिवस संपलेले. मुदतीत निवेदन आलं नाही की तुम्हाला काही म्हणायचं नाही असं धरतात. म्हणून प्रत घेताना सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हाताने घाला. मागची तारीख टाकून सही मागितली तर देऊ नका.

स्वयंमूल्यांकनाचं पान कोरं ठेवणारे किंवा मागच्या वर्षीचं उतरवणारे पुष्कळ. तिथे आकडे लिहा : किती फायली काढल्या, कोणतं थकलेलं काम पूर्ण केलं, दुसऱ्याचा टेबल किती महिने सांभाळला. पुढे शेऱ्यावर वाद झाला तर तुमच्या बाजूने बोलणारं पहिलं पान तेच.

८. प्रत मागितली तर 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणतात. पुढे काय?

आधी साधा लेखी अर्ज करा, आवक शाखेत द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी मागण्याचा पुरावा राहत नाही. महिनाभरात काही झालं नाही, तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा. देशाचा कायदा २००५ चा, पण गोव्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा १९९७ सालीच केला होता, हे नव्या पिढीला माहीत असावं.

अर्जात 'माझे अमुक ते अमुक वर्षांचे एपीएआर, ते मला कळवल्याच्या पोचेची प्रत आणि छाननी समितीच्या इतिवृत्तातला माझ्यापुरता भाग' असं नेमकं मागा. पोचेची प्रत मागणं सगळ्यात महत्त्वाचं. ती नसेल तर 'पोच उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर येतं आणि शेरा कळवला नव्हता हे खात्यानेच मान्य केल्यासारखं होतं. माहिती अधिकाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यावरच्या निर्णयानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

९. माझ्या मागच्या माणसाला पायरी मिळाली, मला नाही. त्याचा अहवाल मागता येईल?

सहसा मिळत नाही. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याचा सेवातपशील, मेमो वगैरे वैयक्तिक माहिती धरली. मोठं सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. एमएसीपीत तर दुसऱ्याशी तुलना लागतही नाही, तुम्ही निकषात बसता की नाही एवढंच बघायचं असतं. शेजारच्या टेबलाशी वैर घेऊन हाती काही येणार नाही.

१०. निवेदनात काय लिहायचं?

दोन पानांच्या वर जाऊ नका. पहिल्या परिच्छेदात कोणत्या वर्षाचा, कोणत्या रकान्यातला शेरा तुम्हाला मान्य नाही ते लिहा. मग त्या वर्षातलं काम आकड्यांनी मांडा आणि त्याच काळातली कौतुकाची पत्रं किंवा पूर्ण केलेल्या कामांचे आदेश जोडा. वर्षभरात एकही मेमो किंवा ताकीद मिळाली नसेल तर ते ठळक लिहा : कामात कमी होती, तर सुधारायला एकदाही का सांगितलं नाही?

आधीच्या वर्षी 'अतिशय चांगला' आणि यंदा 'चांगला' झाला असेल, तर उत्तर प्रदेश जल निगम विरुद्ध प्रभात चंद्र जैन या १९९६ च्या निकालाचा आधार घ्या. श्रेणी खाली आणायची तर कारण नोंदवलं पाहिजे आणि ते कर्मचाऱ्याला सांगितलं पाहिजे, असं त्यात आहे.

साहेबांचा स्वभाव, त्यांचे लाडके, कोण कोणाच्या मतदारसंघातला, हे काहीही लिहू नका. माझ्या हातून गेलेली जी निवेदनं मान्य झाली, त्यांत आरोप नव्हते, कागद होते.

११. निवेदन दिलं तर साहेब डूख धरतील. गोवा लहान आहे, त्यांच्याच हाताखाली परत यावं लागेल.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. इथे साहेब आपल्या वाड्यावरचे असतात, जत्रेत भेटतात, त्यांची मुलं आपल्या मुलांच्या वर्गात असतात. मी स्वतः याच भीतीने गप्प बसलो होतो. एका खात्यात असताना एसीपीसाठी इतरांचे कागद लावत होतो. तेव्हा माझ्याच फायलीत दोन वर्षांचे 'सरासरी' शेरे दिसले. मला कोणी कधी काही बोललं नव्हतं. त्या काळी शेरा बघितला हे सांगणंसुद्धा गुन्ह्यासारखं होतं. फाईल बांधून ठेवली आणि घरी बायकोलाही सांगितलं नाही. माझी पायरी दोन वर्षं उशिरा आली.

आज मला असं वाटतं की सभ्य शब्दांतलं, मुदतीतलं निवेदन म्हणजे भांडण नसतं. नियमातच त्याची जागा आहे. शक्य असेल तर देण्याआधी साहेबांना भेटून सांगा, 'सर, मी लेखी देतोय, नियमाप्रमाणे.' बरेचसे अधिकारी हे समजून घेतात. निकष बदलल्याचं त्यांच्या लक्षातच नव्हतं, असंही दोनतीनदा निघालं.

१२. ज्यांनी शेरा लिहिला त्यांच्याकडेच माझं निवेदन निर्णयाला गेलं. चालतं का?

नाही. त्यांचा अभिप्राय मागवता येतो, निर्णय त्यांचा नसतो. शेरा देणाऱ्यापेक्षा वरच्या अधिकाऱ्यानेच निवेदन निकाली काढावं, नाहीतर ते वाचल्याशिवाय फेटाळलं जाण्याची शक्यता असते, असं देव दत्त निकालातच आहे. 'निवेदन विचारात घेतलं, बदल नाही' एवढ्या एका ओळीचं उत्तर आलं तर कारणांसह आदेश मागा.

१३. शेरा २००८ च्या आधीचा आहे, तेव्हा कळवायची पद्धतच नव्हती. त्याचं काय?

केंद्राने १३ एप्रिल २०१० च्या आदेशाने याची वाट काढली. २००८-०९ पूर्वीचा एखादा अहवाल निकषाखालचा असेल आणि पुढच्या समितीसमोर तो येणार असेल, तर आधी त्याची प्रत द्यायची, १५ दिवस द्यायचे, निवेदनाचा निर्णय करायचा आणि मगच बैठक घ्यायची. आज हे मुख्यतः जुनी प्रकरणं न्यायालयातून परत आलेल्यांना लागतं.

१४. न कळवलेला शेरा वगळायचा, की आता कळवून निवेदन घ्यायचं?

दोन्ही वाटा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत सापडतात, म्हणून वकीलही वेगवेगळं सांगतात. अभिजित घोष दस्तिदार प्रकरणात (२२ ऑक्टोबर २००८) तीन न्यायाधीशांनी न कळवलेले 'चांगला' शेरे विचारात घ्यायला नको होते, असं म्हटलं. देव दत्तमध्ये शेरा आता कळवा, निवेदन घ्या, श्रेणी वाढली तर मागील तारखेपासून विचार करा, असा आदेश झाला.

माझा सल्ला असा : शेरा लिहिणारा अधिकारी अजून सेवेत असेल आणि तुमच्याकडे कागद असतील, तर दुसरी वाट धरा. तिने श्रेणीच सुधारते. अधिकारी निवृत्त झाला असेल किंवा वारला असेल, तर कोणाला विचारून निर्णय करणार? तिथे शेरा वगळून आधीच्या वर्षाचा अहवाल धरावा, ही मागणी जास्त योग्य. अर्जात दोन्ही मागण्या, एक मुख्य आणि दुसरी पर्यायी, अशा लिहिता येतात.

१५. साहेब दोनच महिने होते आणि त्यांनीच वर्षाचा अहवाल लिहिला.

किमान तीन महिने काम पाहिल्याशिवाय अहवाल लिहिता येत नाही. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यालाही निवृत्तीनंतर एका महिन्यापर्यंतच लिहिता येतं. बदलीचे आणि रुजू झाल्याचे आदेश जोडा, बाकी युक्तिवाद लागत नाही.

१६. माझ्याविरुद्ध तक्रार आहे म्हणून एमएसीपी थांबवली आहे. शेरे सगळे निकषात बसणारे आहेत.

नुसत्या तक्रारीने किंवा प्राथमिक चौकशीने थांबवता येत नाही. निलंबन, दिलेलं आरोपपत्र किंवा न्यायालयात चालू असलेला फौजदारी खटला, यांपैकी काही असेल तरच समितीची शिफारस सीलबंद लिफाफ्यात जाते. जानकीरामन प्रकरणापासून, म्हणजे १९९१ पासून, हे ठरलेलं आहे. आरोपपत्र अजून मिळालं नसेल तर तसं लेखी विचारा. चौकशीतून निर्दोष सुटलात तर लिफाफा उघडून मूळ तारखेपासून लाभ मिळतो.

१७. सात वर्षांपूर्वी दिलेली एमएसीपी आता चुकीची ठरवून वसुली लावली आहे.

वेतन पुढे दुरुस्त होऊ शकतं, मागची वसुली मात्र सहसा होत नाही. रफिक मसीह प्रकरणात १८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गट क आणि ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त काळ दिलं गेलेलं जादा वेतन, अशा प्रसंगी वसुलीला मनाई केली. अडचण एकच : वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम परत करीन' असं हमीपत्र तुम्ही दिलं असेल, तर २०१६ चा जगदेव सिंग निकाल तुमच्या विरुद्ध वापरला जातो. त्यातला अर्जदार न्यायिक अधिकारी होता. तुम्ही गट क मध्ये असाल तर हा फरक वकिलाला आवर्जून सांगा.

१८. दाद मागायची कुठे? पणजीचं प्रशासकीय न्यायाधिकरण चालेल का?

नावामुळे खूप जण चुकतात. गोव्याचं प्रशासकीय न्यायाधिकरण १९६५ च्या स्थानिक कायद्याखालचं आहे, ते नोकरीच्या अशा वादांसाठी नाही. राज्य सरकारचे कर्मचारी, मग सार्वजनिक बांधकाम खात्याचे असोत की वीज खात्याचे, अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या गोवा खंडपीठाकडे जातात. टपाल, सीमाशुल्क अशा केंद्रीय कार्यालयांतले आणि दाबोळीच्या नौदल तळावरचे नागरी कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जातात. गणवेशातले सैनिक सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे. आणि हे लक्षात घ्या, की देव दत्तमधले निर्देश सेनादलांतल्या अधिकाऱ्यांना लागू नाहीत, असं त्या निकालातच म्हटलं आहे.

१९. मी महामंडळात आहे, सरकारी कर्मचारी नाही. मला यातलं काही लागू होतं का?

शेरा कळवण्याचं तत्त्व लागू होतं. देव दत्त निकालात वैधानिक संस्था, सार्वजनिक उपक्रम आणि सरकारची इतर अंगं यांतल्या कर्मचाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. एमएसीपी मात्र तुमच्या संस्थेने स्वीकारली असेल तरच. सेवाविनियम वाचा.

२०. पायरी २०१२ साली नाकारली, मी आता जागा झालो. उशीर झाला का?

थोडा झाला, सगळं संपलं असं नाही. केंद्रीय न्यायाधिकरणात अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. निवेदन दिलं आणि सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर त्यानंतर एक वर्ष. आज नवा अर्ज देऊन जुनी मुदत पुन्हा सुरू होत नाही, हे सी. जेकब प्रकरणात २००८ साली स्पष्ट झालं. वेतन दर महिन्याला कमी मिळतं म्हणून अन्याय चालू आहे, असा युक्तिवाद तरसेम सिंग निकालावरून (२००८) करता येतो. पण तो मान्य झाला तरी थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. शेरा तुम्हाला कधी कळला ती तारीख इथे मोलाची. माहिती अधिकारातून मिळालेल्या उत्तराचा लिफाफासुद्धा जपून ठेवा.

२१. मी निवृत्त झालो आहे. आता शेरा सुधारून काय मिळणार?

देव दत्त यांचा निकाल लागला तेव्हा तेही निवृत्त झालेले होते. न्यायालयाने शेरा कळवायला, निवेदनावर निर्णय करायला आणि श्रेणी वाढल्यास मागील तारखेपासून बढतीचा विचार करायला सांगितलं. निवड झाली तर वाढीव पेन्शन आणि वेतनाची थकबाकी ८ टक्के व्याजाने द्यायची होती. वेतननिश्चिती बदलली की पेन्शनचा आदेशही बदलतो, म्हणून अर्जाची एक प्रत लेखा संचालनालयालाही पाठवा. सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत नसेल तर ती आधी मागून घ्या. निवृत्तीनंतर जुन्या फायली अभिलेख कक्षात जातात आणि तिथून त्या बाहेर यायला वेळ लागतो.